निवड अमेरिकेची, मशागत युरोपची : आइस हॉकीतील तरुणांच्या जडणघडणीचा प्रश्न

जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिस येथे पार पडलेल्या नॅशनल हॉकी लीगच्या वार्षिक निवडीत स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील एकाच क्लबातील दोन अठरा वर्षीय खेळाडूंची नावे पहिल्याच फेरीत पुकारली गेली. अँटन फ्रॉन्डेल याला शिकागो ब्लॅकहॉक्स संघाने तिसऱ्या क्रमांकावर निवडले, तर विक्टर एक्लुंड याला न्यूयॉर्क आयलँडर्स संघाने सोळाव्या क्रमांकावर. जगातील सर्वांत श्रीमंत आइस हॉकी स्पर्धेचे दार उघडल्यानंतर हे दोघे लगेच अमेरिकेत स्थायिक होतील, असा कोणाचाही समज व्हावा. प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. अमेरिकी संघांशी करार झाल्यावरही २०२५-२६ च्या हंगामासाठी दोघे पुन्हा आपल्या जुन्या युर्गोर्डेन या क्लबातच दाखल झाले.

याच निवडीत पहिल्या क्रमांकावर आयलँडर्सनेच घेतलेला कॅनडाचा बचावपटू मॅथ्यू शेफर मात्र थेट एनएचएलच्या बर्फावर उतरला. एकाच संघाने, एकाच दिवशी निवडलेल्या दोन तरुणांपैकी एकाला तत्काळ मैदानात उतरवावे आणि दुसऱ्याला अटलांटिकपलीकडे ठेवावे, यामागे केवळ गुणवत्तेतील तफावत नाही. होतकरू खेळाडू नेमका कोठे आणि कसा घडतो, त्याच्या घडण्याचा खर्च कोण उचलतो आणि त्याचे फळ कोणाच्या पदरी पडते, हे या खेळातील सध्याचे कळीचे प्रश्न आहेत. हॉकी म्हटले की भारतीयांना हिरव्या मैदानावरील हॉकी आठवते. तरीही बर्फावरील हॉकीतील ही घडामोड भारतीय क्रीडाव्यवस्थेलाही विचार करावयास लावणारी आहे.

निवड म्हणजे नोकरी नव्हे

एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत. दरवर्षी जूनअखेर होणारी निवड, जिला सर्वत्र ड्राफ्ट म्हटले जाते, सात फेऱ्यांची असते. म्हणजे दरवर्षी दोनशेहून अधिक तरुणांची नावे घेतली जातात. १५ सप्टेंबरपर्यंत वयाची अठरा वर्षे पूर्ण करणारा खेळाडू या निवडीस पात्र ठरतो. निवड झाली म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. त्या खेळाडूशी वाटाघाटी करण्याचा हक्क एका संघाला मिळतो, एवढाच तिचा अर्थ. तो हक्क किती काळ टिकतो, हे खेळाडू कोणत्या देशात खेळतो यावर आजवर अवलंबून राहिले आहे. कॅनडाच्या कनिष्ठ लीगमधून निवडलेल्या तरुणाशी दोन वर्षांत करार करावा लागतो. स्वीडन वा फिनलंडमधून अठराव्या वर्षी निवडलेल्या खेळाडूवरील हक्क साधारण चार वर्षे राहतो. रशियाशी हस्तांतर करार नसल्याने तेथील खेळाडूंवरील हक्काला मुदतच नसते.

या नियमामुळे अमेरिकी संघाला युरोपातील तरुणाबाबत घाई करावी लागत नाही. त्यात आणखी एक आर्थिक सोय आहे. अठराव्या किंवा एकोणिसाव्या वर्षी करार केलेला खेळाडू एनएचएलमध्ये दहापेक्षा कमी सामने खेळला, तर त्याच्या पहिल्या कराराची मुदत एका वर्षाने पुढे सरकते. तरुण युरोपात राहून परिपक्व होतो आणि स्वस्त कराराची वर्षेही शाबूत राहतात. संघाच्या दृष्टीने हा दुहेरी लाभ आहे.

खेळाडूच्या दृष्टीनेही युरोपातील व्यावसायिक लीगचे आकर्षण मोठे आहे. कॅनडाच्या कनिष्ठ स्पर्धांत सोळा ते वीस वर्षांची मुले आपल्याच वयाच्या मुलांशी खेळतात. स्वीडिश हॉकी लीग, फिनलंडची लीगा, स्वित्झर्लंडची नॅशनल लीग किंवा जर्मनीची डीईएल या स्पर्धांत अठरा वर्षांच्या मुलासमोर तिशीतला, या खेळावरच संसार चालवणारा प्रौढ व्यावसायिक उभा ठाकतो. तेथे चूक झाली तर ती शिकवण्यासाठी कोणी थांबत नाही. प्रतिस्पर्धी चकती घेऊन निघून जातो आणि चूक करणारा बाकावर जाऊन बसतो.

मिनिटांचे अर्थशास्त्र

युरोपातील होतकरू खेळाडूंचा मागोवा घेणारे चाहते आणि पत्रकार बहुधा गुणांचा तक्ता पाहतात. गोल आणि गोलसाहाय्य मिळून खेळाडूच्या खात्यात गुण जमा होतात आणि त्यावरून त्याची प्रगती मापली जाते. हे माप अपुरे आहे.

आइस हॉकीचा सामना साठ मिनिटांचा असतो. संघात साधारण बारा आघाडीपटू आणि सहा बचावपटू असतात. आघाडीपटू तिघा-तिघांच्या चार फळ्यांत विभागलेले असतात आणि दर पाऊण मिनिटाने बर्फावरील फळी बदलते. पहिल्या फळीतील खेळाडू सामन्यात अठरा ते वीस मिनिटे खेळतो. चौथ्या फळीतील खेळाडूच्या वाट्याला त्याच्या निम्मी मिनिटे येतात आणि कधी तीही येत नाहीत. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना मिळणाऱ्या वरचढ संख्येच्या काळात गोल होण्याची शक्यता वाढते. त्या काळात कोणाला उतरवायचे, हे प्रशिक्षक ठरवतो. म्हणून दोन तरुणांचे गुण सारखे दिसले तरी एकाने ते अठरा मिनिटांत आणि दुसऱ्याने आठ मिनिटांत मिळवलेले असू शकतात. जाणकार निरीक्षक आधी मिनिटे पाहतात आणि मग गुण.

स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्हस्की याचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. २०२१-२२ च्या हंगामात फिनलंडमधील तुर्कू येथील टीपीएस संघाकडून लीगाच्या ३१ साखळी सामन्यांत त्याला अवघे १० गुण मिळाले. केवळ तक्ता पाहणाऱ्याने हा आकडा वाचून पान उलटले असते. त्याच हिवाळ्यात बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्लोव्हाकियाने त्याला मोकळीक दिली. त्याने सात गोल केले, देशाने कांस्यपदक मिळवले आणि सतरा वर्षांचा हा मुलगा स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. जुलै २०२२ मध्ये माँट्रियल कॅनेडियन्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. खेळाडू तोच होता. त्याच्या वाट्याला आलेली संधी आणि तिचे स्वरूप मात्र बदलले होते.

फ्रॉन्डेल आणि एक्लुंड यांच्या निवडीमागेही हाच धागा दिसतो. युर्गोर्डेन हा १८९१ साली स्थापन झालेला स्वीडनमधील मातब्बर क्लब २०२२ मध्ये सर्वोच्च लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला. क्लबाच्या दृष्टीने ही नामुष्की होती. तरुणांसाठी मात्र तीच संधी ठरली. दुसऱ्या श्रेणीच्या हॉकीऑलस्वेन्स्कान स्पर्धेत २०२४-२५ च्या हंगामात, दुखापतीमुळे सुरुवातीचे सामने हुकलेल्या फ्रॉन्डेलने २९ सामन्यांत २५ गुण मिळवले, तर एक्लुंडने ४२ सामन्यांत ३१ गुण. त्या वसंतात युर्गोर्डेनला पुन्हा सर्वोच्च लीगमध्ये बढती मिळाली. सर्वोच्च लीगमधील एखाद्या बलाढ्य संघात चौथ्या फळीत बसून राहण्यापेक्षा दुसऱ्या श्रेणीत जबाबदारीची मिनिटे मिळणे या दोघांना अधिक लाभदायक ठरले, असे म्हणावयास जागा आहे.

थांबलेल्यांची यादी

संयमाच्या बाजूने इतिहासाची साक्ष भक्कम आहे. डेट्रॉइट रेड विंग्सने १९८९ मध्ये तिसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर निवडलेला निक्लास लिडस्ट्रोम आणखी दोन वर्षे स्वीडनमधील व्हेस्टेरोस येथेच खेळला आणि १९९१ मध्ये अमेरिकेत गेला. पुढे त्याने सर्वोत्तम बचावपटूसाठीची नॉरिस ट्रॉफी सात वेळा पटकावली. याच संघाने १९९९ मध्ये तब्बल २१० व्या क्रमांकावर निवडलेला हेन्रिक झेटरबर्ग २००२ पर्यंत तिम्रो क्लबात राहिला. २००८ मध्ये डेट्रॉइटने स्टॅन्ले चषक जिंकला, तेव्हा बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट याला न्यूयॉर्क रेंजर्सने २००० मध्ये २०५ व्या क्रमांकावर निवडले. गोथेनबर्गच्या फ्रोलुंडा क्लबात पाच वर्षे काढून आणि तेथे दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून तो २००५ मध्ये न्यूयॉर्कला गेला. एनएचएलमध्ये ४५९ विजय नोंदवून तो २०२३ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला.

अलीकडच्या काळातील उदाहरणेही याच दिशेने बोट दाखवतात. व्हँकुव्हर कॅनक्सने २०१७ मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला इलियास पेटरसन आणखी एक वर्ष स्वीडनमध्ये थांबला. वेक्शो लेकर्सकडून ४४ सामन्यांत ५६ गुण मिळवत त्याने कनिष्ठ वयाच्या खेळाडूचा, केंट निल्सनच्या नावावर १९७० च्या दशकापासून असलेला विक्रम मोडला आणि संघाला विजेतेपद मिळवून दिले. पुढच्याच हंगामात तो एनएचएलचा सर्वोत्तम नवोदित ठरला. जर्मनीचा मोरिट्झ सायडर याने २०२०-२१ चा हंगाम डेट्रॉइटच्या संमतीने स्वीडनच्या रोग्ले संघात घालवला आणि तेथील सर्वोत्तम बचावपटूचा किताब मिळवला. एनएचएलमधील पदार्पणाच्या हंगामात, २०२२ मध्ये, सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफीही त्याच्याकडे आली.

अमेरिकी तरुणानेही हा मार्ग चोखाळल्याचे उदाहरण आहे. १७ सप्टेंबर १९९७ रोजी जन्मलेला ऑस्टन मॅथ्यूज केवळ दोन दिवसांच्या फरकाने २०१५ च्या निवडीस अपात्र ठरला. मिळालेल्या वर्षाचा उपयोग त्याने झुरिकच्या झेडएससी लायन्स संघात प्रौढ व्यावसायिकांसोबत खेळण्यासाठी केला आणि ३६ सामन्यांत ४६ गुण मिळवले. २०१६ मध्ये टोरँटोने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. एनएचएलमधील पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल केले.

तरीही यावरून ‘थांबला तो जिंकला’ असा सरधोपट नियम काढणे धोक्याचे ठरेल. मॅथ्यूजच्याच वर्षी निवडल्या गेलेल्या दोन फिन्निश तरुणांची कहाणी त्याला छेद देते. ताप्पारा संघाला फिनलंडचे विजेतेपद मिळवून देणारा पॅट्रिक लाइने दुसऱ्या क्रमांकावर विनिपेगकडे गेला. त्याने अठराव्या वर्षीच एनएचएल गाठली आणि पहिल्याच हंगामात ३६ गोल केले. चौथ्या क्रमांकावर एडमंटनने निवडलेला येस्से पुल्युयार्व्ही हाही त्याच शरद ऋतूत एनएचएलमध्ये उतरला. २८ सामन्यांनंतर त्याची रवानगी दुय्यम लीगमध्ये झाली. पुढील दोन हंगामांतही जम न बसल्याने तो २०१९ मध्ये मायदेशी परतला आणि औलू शहरातील आपल्या जुन्या कॅर्पॅट संघात एक वर्ष खेळून, ५६ सामन्यांत ५३ गुण मिळवून पुन्हा एडमंटनला गेला. एका तरुणाला घाई मानवली, दुसऱ्याला नाही. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात हे खरे असले, तरी प्रत्येक बाळ एकाच महिन्यात चालू लागत नाही. वयापेक्षा तयारीचा आणि तयारीपेक्षाही मिळणाऱ्या भूमिकेचा विचार आधी व्हावयास हवा, असा या दोन वाटचालींचा बोध आहे.

अंगणाचा आकारही या तयारीचा भाग आहे. युरोपातील पारंपरिक बर्फमैदान सुमारे तीस मीटर रुंद असते; एनएचएलमधील मैदान जेमतेम सव्वीस मीटर. चार मीटरांच्या या फरकामुळे विचार करण्यास मिळणारा क्षणार्धाचा अवधी नाहीसा होतो. कडेच्या फळ्यांजवळील धडका वाढतात. युरोपात मोकळ्या जागेत खुलणाऱ्या खेळाडूला अमेरिकेत पोहोचल्यावर पहिला धक्का बसतो तो याच अरुंदपणाचा. त्यात हंगाम ५२ वा ६० साखळी सामन्यांऐवजी ८२ सामन्यांचा. २०२६-२७ पासून ही संख्या ८४ होणार आहे.

खर्च एकाचा, लाभ दुसऱ्याचा

आजवरचा विचार खेळाडूच्या बाजूने झाला. क्लबाच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. एनएचएलमध्ये संघ कितीही हरला तरी तो खालच्या श्रेणीत जात नाही; उलट पुढील निवडीत त्याला वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता वाढते. स्वीडिश सर्वोच्च लीगमध्ये १४ संघ असून तळाला जाणाऱ्या संघाच्या डोक्यावर पदावनतीची टांगती तलवार असते. घसरण झाली की प्रक्षेपणाचे उत्पन्न, प्रायोजक आणि खेळाडू असे सारेच ओसरू लागते. अशा स्थितीत एका गोलाने पुढे असताना अखेरच्या दोन मिनिटांत प्रशिक्षकाने अठरा वर्षांच्या मुलाला उतरवावे की बत्तीस वर्षांच्या अनुभवी खेळाडूला? उत्तर उघड आहे. तरुणाला दिलेले प्रत्येक मिनिट ही क्लबाने पत्करलेली जोखीम असते.

या जोखमीचा मोबदला मर्यादित असतो. फुटबॉलमध्ये घडवलेल्या खेळाडूची किंमत बाजारात ठरते आणि एका विक्रीवर एखादा क्लब अनेक वर्षे तग धरू शकतो. आइस हॉकीत एनएचएल आणि युरोपीय महासंघ यांच्यातील हस्तांतर करारानुसार ठरावीक भरपाई मिळते. खेळाडू पुढे कोट्यवधी डॉलरचा धनी झाला, तरी त्याला सहा वर्षांचा असताना बर्फावर उभे राहावयास शिकवणाऱ्या क्लबाला त्यातून वाढीव वाटा मिळत नाही. युरोपातील क्लब बहुधा बालगटापासून प्रौढ संघापर्यंतची सारी शिडी एकाच छत्राखाली चालवतात. त्या शिडीचा पाया स्थानिक पालक, स्वयंसेवक आणि नगरपालिकांची बर्फमैदाने यांवर उभा असतो. खेळाडू लवकर निघून जातात आणि अनेकदा एनएचएलऐवजी अमेरिकेतील दुय्यम लीगमध्येच अडकून पडतात, ही उत्तर युरोपातील क्लबांची जुनी तक्रार या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

फ्रॉन्डेल आणि एक्लुंड यांच्यासारखी व्यवस्था म्हणूनच तिन्ही पक्षांना तूर्त सोयीची वाटते. अमेरिकी संघाचा हक्क अबाधित राहतो, क्लबाला आणखी एक वर्ष आपला सर्वोत्तम तरुण वापरता येतो आणि खेळाडूला परिचित भाषेत, परिचित शहरात प्रौढांच्या खेळाचा सराव मिळतो. ही सोय टिकण्यासाठी एक अट मात्र पाळली जावी लागते. क्लबाने त्याला खरोखर खेळवले पाहिजे.

रशियाचे बंद दार

ही अट न पाळल्यास काय घडते, याचे दर्शन रशियात होते. कॉन्टिनेंटल हॉकी लीग, म्हणजेच केएचएल, २००८ मध्ये स्थापन झाली. एनएचएलशी हस्तांतर करार नसल्याने रशियन क्लबाला खेळाडू गेल्यास भरपाई मिळत नाही. साहजिकच क्लब तरुणांना दीर्घ मुदतीच्या करारांत बांधून ठेवतात. करार संपत आलेला आणि जाणार हे निश्चित असलेला तरुण हा क्लबाच्या लेखी दुसऱ्याचा खेळाडू ठरतो. मग त्याच्या मिनिटांना कात्री लागते.

२०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाला आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळण्यात आले आणि एनएचएलने केएचएलसोबतचा सामंजस्य करारही स्थगित केला. जागतिक ज्युनियर स्पर्धेत रशियन तरुण दिसेनासे झाल्याने त्यांची समवयस्क परदेशी खेळाडूंशी तुलना करण्याची मोठी संधी निरीक्षकांच्या हातून गेली. मात्वेई मिच्कोव्ह हा २०२३ मधील निवडीत प्रतिभेच्या बाबतीत अग्रगण्य मानला जात असूनही सातव्या क्रमांकापर्यंत घसरला, त्यात या अनिश्चिततेचा आणि २०२६ पर्यंतच्या त्याच्या रशियन कराराचा वाटा मोठा होता. प्रत्यक्षात करारातून मुक्त होऊन तो २०२४ मध्येच फिलाडेल्फियाला पोहोचला आणि पहिल्या हंगामात त्याने ६३ गुण मिळवले.

इव्हान देमिदोव्हचे प्रकरण अधिक बोलके आहे. माँट्रियलने २०२४ मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेल्या या खेळाडूला सेंट पीटर्सबर्गच्या बलाढ्य एसकेए संघात हंगामाच्या पूर्वार्धात अनेकदा मोजकीच मिनिटे मिळाली. तरीही ६५ सामन्यांत ४९ गुणांसह त्याने हंगाम पूर्ण केला आणि एप्रिल २०२५ मध्ये करारमुक्त होताच माँट्रियलकडून पहिल्या सामन्यात एक गोल आणि एक गोलसाहाय्य नोंदवले. याउलट किरिल काप्रिझोव्ह २०१५ मध्ये मिनेसोटाने १३५ व्या क्रमांकावर निवडल्यानंतर तब्बल पाच वर्षे रशियात राहिला. २०१८ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यातील निर्णायक गोल त्याच्या नावावर आहे. २०२० मध्ये तो अमेरिकेत आला, पुढच्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने आठ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. मायदेशी घालवलेली वर्षे काप्रिझोव्हला फळली, कारण त्या वर्षांत तो सातत्याने खेळत होता.

नवा स्पर्धक : विद्यापीठे

युरोपीय क्लबांसमोर आता आणखी एक आव्हान उभे राहिले आहे. कॅनडाच्या कनिष्ठ लीगमध्ये खेळलेल्या तरुणांना अमेरिकी विद्यापीठीय हॉकीचे दरवाजे अनेक दशके बंद होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या नियमात बदल झाला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तो लागू झाला. त्यासोबत विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा आधीच मिळालेली आहे. २०२६ च्या निवडीसाठी सर्वाधिक चर्चेत राहिलेला कॅनडाचा गॅव्हिन मॅकेना याने कनिष्ठ लीग सोडून पेन स्टेट विद्यापीठाची वाट धरली, ती याच बदलामुळे.

या बदलाचे पडसाद युरोपात उमटणे अपरिहार्य आहे. शिक्षण, आधुनिक सुविधा, कमाई आणि निवडकर्त्यांच्या डोळ्यांसमोर राहण्याची संधी एकत्र मिळत असेल, तर सतरा-अठरा वर्षांच्या तरुणाने स्वीडनमधील चौथ्या फळीत सहा मिनिटांसाठी का थांबावे, हा प्रश्न पालक विचारणारच. युरोपीय क्लबांकडे या प्रश्नाचे एकच विश्वासार्ह उत्तर आहे, ते म्हणजे प्रौढांविरुद्धचा खेळ. ते उत्तरही मुलाला प्रत्यक्ष बर्फावर उतरवले तरच खरे ठरते. नुसते संघाच्या यादीत नाव ठेवून त्याला घरी रोखता येणार नाही.

भारतासाठी अर्थ

भारतात आइस हॉकीचा प्रसार मुख्यतः लडाख आणि हिमाचलच्या उंच प्रदेशांपुरता मर्यादित आहे. २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्या मर्यादेतही शक्यता असल्याचे दाखवले. वरील चर्चेचा खरा संबंध मात्र मैदानी हॉकीशी आहे.

परदेशी क्लबांची वाट भारतीय हॉकीला नवी नाही. पुण्याजवळील खडकीत वाढलेला धनराज पिल्ले ल्यों आणि स्टुटगार्टच्या क्लबांकडून खेळला, सरदार सिंग नेदरलँड्समधील ब्लूमेंडालकडून. तथापि ते गेले तेव्हा नावारूपाला आलेले खेळाडू होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या भारतीय खेळाडूला प्रौढ, कसलेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध नियमित खेळण्याची संधी कोठे मिळते, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. २०१७ नंतर खंडित झालेली हॉकी इंडिया लीग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुष संघांच्या २४ जणांच्या चमूत किमान १६ भारतीय आणि त्यांत चार कनिष्ठ खेळाडू असण्याचे बंधन घालण्यात आले. डिसेंबर २०२५ मध्ये तमिळनाडूत झालेल्या ज्युनियर विश्वचषकात भारताने कांस्यपदक जिंकले. उपांत्य सामन्यात जर्मनीकडून १-५ असा झालेला पराभव मात्र अंतर किती आहे, तेही सांगून गेला.

चमूत चार कनिष्ठ खेळाडू असणे ही चांगली सुरुवात आहे. पण युरोपातील अनुभव सांगतो की चमूतील नाव आणि मैदानावरील मिनिट या दोन भिन्न गोष्टी आहेत. कनिष्ठ खेळाडूंना प्रत्यक्षात किती मिनिटे मिळाली, सामन्याच्या कोणत्या टप्प्यावर मिळाली, पेनल्टी कॉर्नरच्या वेळी ते मैदानात होते की राखीव बाकावर, याची नोंद ठेवून ती दरवर्षी जाहीर केली गेली, तर या बंधनाचे खरे मोल कळेल. लीगचा काळ जेमतेम काही आठवड्यांचा असल्याने उरलेल्या वर्षात या तरुणांनी कोठे खेळावे, याचाही आराखडा लागेल. निवडक कनिष्ठ खेळाडूंना नेदरलँड्स, बेल्जियम वा जर्मनीतील क्लबांत एका हंगामासाठी पाठवणे हा त्यातील एक पर्याय होऊ शकतो. मात्र पाठवण्यापूर्वी क्लबाच्या नावापेक्षा मिळणारी भूमिका निश्चित करून घेणे अगत्याचे ठरेल. मोठ्या क्लबाच्या बाकावर घालवलेला हंगाम ओळखपत्रावर शोभून दिसतो, खेळात दिसत नाही.

फ्रॉन्डेल आणि एक्लुंड पुढे किती मोठे होतील, हे आज कोणीही सांगू शकत नाही. प्रत्येक निवडीतील बहुसंख्य नावे काही वर्षांत विस्मृतीत जातात. स्टॉकहोमच्या त्या क्लबाने आपल्या पडत्या काळात या दोघांवर विश्वास टाकला आणि त्यांना चुका करण्याइतका वेळ दिला, एवढे मात्र निश्चित. होतकरू खेळाडूचा मागोवा घेणाऱ्या प्रत्येकाने, मग तो शिकागोतील निवडकर्ता असो वा भुवनेश्वरमधील प्रशिक्षक, गुणांच्या तक्त्याआधी मिनिटांचा तक्ता पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे. खेळाडूच्या भवितव्याचा पहिला पुरावा तेथेच सापडतो.